डब्याला सांगणे

आमच्या फ्रिजच्या दारावर एक कागद आहे. वर गॅसवाल्याचा नंबर, मध्ये दुधाचे खाडे आणि खाली सासूबाईंच्या ठसठशीत अक्षरात मथळा : ‘डब्याला सांगणे’. डबा म्हणजे टीव्हीच्या खालच्या कप्प्यात बसवलेला आमचा घरचा सर्व्हर. जुन्या डेस्कटॉपचं खोकं, आत चार हार्डडिस्क आणि त्यावर ओपनमीडियावॉल्ट, म्हणजे साध्या कॉम्प्युटरचा सर्व्हर करणारं सॉफ्टवेअर. सगळ्यांचे फोटो, बाबांनी कॅसेटवरून उतरवून घेतलेली भजनं, पॉलिसीचे स्कॅन, चिरंजीवांचे प्रोजेक्ट, सगळं त्याच्या पोटात. तो मांडला मी, त्यामुळे त्याच्या वतीनं बोलणी खायचा मानही माझाच.

पहिली मागणी होती, ‘रात्री घरघर नको.’ डिस्क झोपवायची सोय त्यात असते. वीस मिनिटं कुणी हात लावला नाही की चकती थांबते. ती चालू केली. मग सकाळी भजन लावलं की डबा आठ-दहा सेकंद नुसताच गप्प, अशी नवी तक्रार. “उठायला वेळ लागतो हो त्याला,” मी म्हटलं. बाबांनी आईंकडे बघून “आपल्याला लागत नाही का?” असं विचारलं आणि ती ओळ कागदावरून खोडली गेली.

दुसरी मागणी लुकलुकणाऱ्या निळ्या दिव्याची. त्याचं सेटिंग मी दोन रविवार शोधलं. तिसऱ्या रविवारी बाबांनी काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा कापून दिव्यावर चिकटवला. टेप अजून आहे.

तिसरी मागणी नवऱ्याची, आणि ती कागदावर यायच्या आधी घरात दोन दिवस अबोला होता. त्यानं ‘जुनं’ नावाचा फोल्डर जुना समजून उडवला. त्यात आमच्या कोकणातल्या घराचे फोटो होते, पाडण्याआधीचे. “असेल की रिसायकल बिनमध्ये,” तो निवांत म्हणाला. नव्हते. लॅपटॉपवरची फाइल उडवली तर ती लॅपटॉपच्या केराच्या टोपलीत जाते. डब्यावरची उडवायला लॅपटॉप फक्त निरोप पोचवतो, उडवतो तो डबा, आणि त्याच्याकडे टोपली नसते. म्हणजे असते, पण मागावी लागते. विंडोजशी फाइलींची देवाणघेवाण करणारं जे सांबा नावाचं सॉफ्टवेअर आत असतं, त्यात टोपलीची सोय आहे. प्रत्येक फोल्डरच्या सेटिंगमध्ये एक चौकोन, त्यावर बरोबरची खूण करायची. आमचा चौकोन रिकामा होता. फोटो शेवटी कपाटातल्या यूएसबी डिस्कवर सापडले, म्हणून संसार टिकला. पण ती खूण मुळातच केलेली का येत नाही, ही माझी स्वतःची मागणी आहे, आणि त्या कागदावर मी ती लाल पेनानं लिहिली आहे.

आणखी एक मागणी आईंनी तोंडी केली होती, सहज. धनत्रयोदशीला मी नवी डिस्क आणली तेव्हा त्यांनी विचारलं, “आता चारी डबे सारखे झाले का गं?” नव्हते झाले. दोन चार टीबीचे, एक दोनचा, एक नवा आठचा. आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीसारखंच. दरवर्षी एक भांडं घेणाऱ्या घरात सेट कुठून जमणार? आणि एखादी डिस्क बिघडली तरी आतलं वाचवणारी नेहमीची राखणव्यवस्था, ती रेड, तिला सेट लागतो. चार डिस्क जोडल्या की सगळ्यांत लहान असेल तिच्या मापानं बाकीच्यांची किंमत. आठचा डबा घ्या आणि त्यात दोनच भरा.

घरगुती माणसाची ही मागणी फार जुनी. मायक्रोसॉफ्टनं २००७ मध्ये विंडोज होम सर्व्हर आणलं, तेव्हा ती पुरीही केली होती : कोणत्याही मापाची डिस्क खुपसा, सगळ्यांचं मिळून एकच कोठार. लोक खूश. २०१० च्या नोव्हेंबरात कंपनीनं जाहीर केलं की पुढच्या आवृत्तीत हे काढतोय. लोक भडकले, कंपनी बधली नाही. दुसरीकडे झेडएफएस, हेही अनेक डिस्क मिळून सांभाळणारं सॉफ्टवेअर. मूळचं सन कंपनीचं, २००५ मध्ये खुलं झालेलं, भरवशाला तोड नाही. पण त्यात आधी मांडलेल्या पंक्तीत एक पान, म्हणजे एक डिस्क, वाढवायचं म्हटलं तर सोय नव्हती. अख्खी नवी पंगत मांडा. ज्यांच्यासाठी ते लिहिलं, त्या मोठ्या ऑफिसांना ही अडचण पडतच नसे, ते डिस्क घेतात त्या खोक्यानं. एकेक डिस्क घेणाऱ्यांना ही सोय ओपनझेडएफएस या त्याच्या खुल्या अवताराच्या २.३ आवृत्तीत मिळाली, जानेवारी २०२५ ला. वीस वर्षं! आमच्या सोसायटीची लिफ्टसुद्धा त्याआधी झाली.

मी सध्या मर्जरएफएस आणि स्नॅपरेड या जोडीवर भागवते. पहिलं विजोड डिस्क एकत्र दाखवतं, दुसरं राखणीचा हिशेब आठच्या डिस्कवर लिहून ठेवतं. हिशेब रात्री एकदाच होतो, तेव्हा दिवसभरात आलेलं रात्रीपर्यंत देवाच्या भरवशावर. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

मागण्यांना माझं ठरलेलं उत्तर ‘बघू’. मराठी घरात वाढलेल्या कुणालाही ‘बघू’चा अर्थ सांगावा लागत नाही. चिरंजीवांना डब्यावर गेमचा सर्व्हर हवाय : बघू. नवऱ्याला ऑफिसातून फाइली हव्यात : बघू. ओपनमीडियावॉल्ट लिहिणाऱ्या फोल्कर थाइले या जर्मन गृहस्थांनी ते २०११ पासून लोकांना फुकट दिलंय. जगभरच्या मागण्या त्यांच्या दारात येत असणार. जर्मनमध्ये ‘बघू’ला काय म्हणतात ते शिकून घ्यावंसं वाटतं.

कागदावरची शेवटची ओळ आईंची : ‘फोटो माणसाप्रमाणे लावावे.’ त्यासाठी मी इमिच घातलं. ते चेहरे ओळखून ढीग लावतं, नावं आपण द्यायची. आई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. एका ढिगाला ‘बाबा’ नाव दिलं. पुढच्या ढिगात एक तरणा पोरगा निघाला. बेलबॉटम, केसांचा कोंबडा, स्कूटरला टेकून उभा. मी पुन्हा ‘बाबा’ लिहिलं, तर डब्यानं विचारलं, ही एकच व्यक्ती आहे का?

मी ‘हो’वर जाणार, तेवढ्यात आईंनी माझा हात धरला.

“नाही म्हण. हे लग्नाच्या आधीचे. ह्यांना मी ओळखत नाही.”

समोर बाबांनी पेपर जरासा खाली केला. “कोणता फोटो गं?” त्यांनी मला विचारलं. “स्कूटरवाला?”