मुलाखतीचा दिवस

आज मावसभावाला कारागृहात भेटून आलो. त्याचा खटला अद्याप उभा राहिलेला नाही. तो न्यायाधीन बंदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेला कैदी आहे, आणि देशातील कारागृहांत दर चार बंद्यांपैकी जवळजवळ तिघांची अवस्था हीच आहे. काचेपलीकडच्या माणसाशी इंटरकॉमवर बोलताना सुरुवातीचा वेळ "आवाज येतोय का?" यातच जातो, म्हणून मावशीचे निरोप मी तळहातावर लिहून नेले होते. त्याने आधी विचारले ते तिच्या गुडघ्यांबद्दल, आणि मग, काहीशा संकोचाने, कँटीनच्या पैशांबद्दल. साबण-बिस्किटांसाठी त्याची सारी भिस्त त्यावरच असते.

वकिलाच्या फीची जुळवाजुळव करतानाच घरचे थकून जातात, तरीही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ प्रत्येक नातेवाइकाला ठाऊक असायलाच हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेले आरोपी वगळता, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या बंद्याला, आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश काळानंतर, जामिनावर सोडण्याची तरतूद त्यात आहे. तसा अर्ज न्यायालयात करण्याची जबाबदारीही कारागृह अधीक्षकांवर टाकलेली आहे. (रांगेतल्या कोणालाही हे माहीत नव्हते.)

मावशीला एवढा प्रवास झेपत नाही, म्हणून तिच्यासाठी ई-मुलाकातची, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या भेटीची, नोंदणी केली आहे. भावाने आत काढलेल्या काळाचा हिशेब उद्या वकिलांकडून लेखी मागून घेणार आहे.