पाच नंबरच्या आजींची आंघोळ

"पेशंट नॉन-कोऑपरेटिव्ह. बाथला नकार. अटेंडंटला मारले." रिपोर्ट बुकात पाच नंबरच्या आजींपुढे सलग नऊ दिवस हीच नोंद होती, फक्त अक्षर बदलत होतं. दहाव्या दिवशी वृद्धांच्या त्या केंद्रात माझं ट्रेनिंग होतं.

मी मूळची स्टाफ नर्स. बावीस वर्षं वॉर्डात काढली. आता पुण्याच्या आसपास वृद्धांच्या केंद्रांमध्ये डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, देखभालीचं ट्रेनिंग घेते. त्या दिवशी समोर चौदा जण होते. दोन सिस्टर, एक फिजिओथेरपिस्ट, बाकी सगळे देखभालीला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत आलेल्या मावशी आणि मामा. बऱ्याच जणांची रात्रपाळी आठला सुटलेली आणि साडेनऊला माझी पहिली स्लाइड. १९०६ साली जर्मनीत डॉ. आलॉइस आल्झायमर यांनी डिमेन्शियाला कारण ठरणाऱ्या आल्झायमर आजाराची पहिली केस मांडली, इथवर मी आले तेव्हा मागच्या रांगेतल्या निलंग्याच्या मावशींची हनुवटी छातीला टेकली होती. भारतात साठीपुढच्या दर शंभरांत साधारण सात जणांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज मी सांगितला, तर एक मामा म्हणाला, "म्हणजे म्हातारचळच ना, सिस्टर?"

चळ नाही, मेंदूच्या पेशी मरतात, असं मी सांगितलं. त्याने मान हलवली. पटलं नव्हतंच.

मग त्यालाच पुढे बोलावलं. चपलेत हरभरे, चष्म्याच्या काचांना व्हॅसलिन, हातात ग्लोव्हजच्या दोन जोड्या, कानात खरखरणारा रेडिओ. दोन मावशींना सांगितलं, दोन्हीकडून एकदमच हुकूम सोडा. शर्टाची बटणं लावा, रुमालाची घडी घाला, चला चला, लवकर! दोन मिनिटांत मामाने ग्लोव्हज काढून भिरकावले. "तुम्ही नीट सांगतच नाही! एक काय ते सांगा ना!" सगळे हसले. मग कोपऱ्यातून एक मावशी हळूच म्हणाल्या, "सात नंबरचे आजोबा बी असंच म्हणतात." मामा खाली बसला आणि बराच वेळ चपलेतले हरभरे काढत राहिला.

जेवणानंतर धाकट्या सिस्टरने सरळच विचारलं, "पुस्तकात सगळं ठीक असतं. पाच नंबरच्या आजींना तुम्ही आंघोळ घालून दाखवाल? आम्ही तर डॉक्टरांना झोपेची, निदान शांत करणारी गोळी लिहून द्या म्हणणार होतो." गोळीचं नाव काढल्यावर मला राहवलं नाही. डिमेन्शियाच्या वृद्धांना शांत करायला मनोविकारांवरची औषधं दिली तर मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला आहे. कधीकधी ती द्यावी लागतातही, पण आंघोळीसाठी? हे सगळं ऐकवून झाल्यावर मागे फिरणं शक्य नव्हतं. खरं सांगायचं तर मला फिरायचंही नव्हतं. चौदा जणांसमोर करून दाखवायची खुमखुमी होती.

बाकीचे बाहेर थांबले, त्या दोन सिस्टर आणि निलंग्याच्या मावशी माझ्याबरोबर आत आल्या. एका बाईच्या आंघोळीला चार परक्या बायका! शिकवायला गेलेली मीच, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही.

न्हाणीघराच्या दारात काळी रबरी मॅट होती. आजी तिथे येऊन थबकल्या. डिमेन्शियात किती खोल आहे याचा अंदाज चुकतो, फिकट फरशीवरचा काळा चौकोन खड्डा वाटू शकतो. मॅट उचलली, आजी आत आल्या. तेवढं एक माझ्या खात्यावर जमा. मग मी सगळं रीतसर केलं. समोरून गेले, गुडघ्यावर बसून नजरेला नजर दिली, एका वेळी एकच वाक्य बोलले, उत्तरासाठी थांबले, खांद्यावर टॉवेल टाकला. आजी माझ्याकडे बघत होत्या. मी गाऊनच्या नाडीला हात लावला आणि सणकन कानाखाली बसली. चष्मा फरशीवर. धाकट्या सिस्टरने तोंड फिरवलं. हसू लपवत असावी.

निलंग्याच्या मावशी म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही जावा भाईर. समद्याच जावा." मग स्वयंपाकघरातून स्टीलचा तांब्या मागवला आणि स्वतःच्या पिशवीतलं जुनं सुती पातळ काढलं.

दाराआडून मला थोडंच दिसलं, बाकीचं मावशींनी नंतर सांगितलं. शॉवरला त्यांनी हातच लावला नाही. बादली भरली, खुर्चीवर टॉवेल घातला. पातळ गाऊनवरूनच आजींच्या छातीभोवती गुंडाळून खोचलं आणि गाऊन आतून, खालून सोडवला. पहिला तांब्या पायांवर, मग गुडघ्यांवर, मग पाठीवर. अंगावर कापड तसंच, त्याखालून साबणाचा हात. "पाणी कढत झालं का वं, आजे?" उत्तर नाही. थोड्या वेळाने आजींचा खणखणीत आवाज आला, "किती साबण लावतीस गं? लगीन हाय का माजं?"

शेवटी कोरडं कापड वरून धरलं आणि ओलं खाली सोडलं. घाटावर बायका कपडे बदलतात तसं. आजी वाईजवळच्या खेड्यातल्या. जन्मभर नऊवारी नेसलेल्या, घरच्या न्हाणीतही परकर छातीवर बांधून आंघोळ करणाऱ्या. हे मला संध्याकाळी त्यांच्या लेकीने फोनवर सांगितलं. आम्ही त्यांना रोज भर उजेडात उघडं करत होतो, वरून डोक्यावर शॉवर सोडत होतो, आणि वहीत 'नकार' लिहीत होतो.

मावशींनी आणखी एक गोष्ट सांगितली. पाठ चोळताना उजवा हात जरा वर घेतला की आजी दात आवळतात. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं, तर खांदा पुरता आखडलेला. दुखतंय हे सांगायला शब्द उरले नव्हते, म्हणून हात उगारला जात होता. आता आंघोळीआधी पाऊण तास पॅरासिटामॉल आणि कपडे चढवताना आधी दुखरा हात, असं ठरलं. लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. पुढच्या आठवड्यात मावशींची सुट्टी होती, तेव्हा बदलीवर आलेल्या मुलीने पुन्हा एक खाल्ली.

केंद्राचा प्रवेश-अर्ज मी मागवून पाहिला. चार पानी. रक्तगट, विमा, डिपॉझिट, तातडीच्या संपर्काचे तीन नंबर. माणूस आंघोळ कशी करतो, चहा कसा पितो, त्याला कुठल्या नावाने हाक मारलेली आवडते, यासाठी एक ओळ नाही. पाचवं पान जोडायला व्यवस्थापनाने होकार दिला. त्यातला पहिला प्रश्न आंघोळीचा आहे.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या केंद्रात ट्रेनिंग होतं. मी मावशींना म्हटलं, आंघोळीचा भाग तुम्ही घ्या. त्यांनी पदराने हात पुसले, जरा विचार केला. "यीन की. पर त्या दिवसाची ड्युटी भरत्यात का, ते आदी इचारा."

मी ब्युरोत विचारलं. "बघू," म्हणाले.