सेसना १७२, ग्रँड कॅन्यन आणि वजनाचा हिशेब: जूनचा बेत दिवाळीवर

जूनमध्ये अमेरिकेत सेसना १७२ हे छोटं विमान भाड्यानं घेऊन, स्वतः चालवत, आम्ही चौघांनी ग्रँड कॅन्यन ओलांडायचा असा माझा बेत होता. आधी चांगली बातमी. एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकाचं, माझ्या वैमानिक परवान्याच्या व्हेरिफिकेशनचं पत्र ओक्लाहोमा सिटीहून एप्रिलमध्ये आलं. आता परदेशी परवान्याच्या आधारावर सर्टिफिकेट देणाऱ्या ६१.७५ या नियमाखाली अमेरिकन प्रायव्हेट सर्टिफिकेट मिळायला तिथल्या कार्यालयात स्वतः हजर व्हायचं आणि मग इन्स्ट्रक्टरसोबत फ्लाइट रिव्ह्यू द्यायचा, एवढंच राहिलं. परदेशी पत्ता असणाऱ्याला २०२५ पासून तिथे यूएस एजंट (आपल्या वतीनं तिथल्या पत्त्यावर कागदपत्रं स्वीकारणारा माणूस) दाखवावा लागतो. ह्यूस्टनच्या मावसभावानं ते काम आनंदानं अंगावर घेतलं. पत्राची प्रिंट काढून लॉगबुकात ठेवली आहे आणि येताजाता उघडून बघतो.

आता अडचण. फिनिक्सच्या ज्या फ्लाइंग स्कूलकडून विमान भाड्यानं घ्यायचं ठरलंय, त्यांच्याकडून मी त्या नेमक्या १७२एसचा वेट अँड बॅलन्सचा, म्हणजे वजन आणि समतोलाचा, कागद मागवला. भाड्याचं विमान ठरवताना हा कागद पहिला मागा, दराचं पत्रक नंतर. विमानात एसी बसवलेला आहे. रिकामं वजन १,७३५ पौंड. कमाल वजन २,५५० पौंड. म्हणजे माणसं, सामान आणि पेट्रोल मिळून ८१५ पौंड.

आमची चौकडी जुनीच: मी ७८ किलो, बायको ६२, ताई ५८, भाऊजी ८७. इतवारीत ओळखीच्या धान्याच्या दुकानातल्या काट्यावर सगळ्यांना कपड्याबुटांसकट उभं केलं होतं, त्यामुळे हे आकडे पक्के आहेत. एकूण २८५ किलो, म्हणजे ६२८ पौंड. माणशी सात किलोची पिशवी धरली तर आणखी ६२. उरले १२५ पौंड, म्हणजे जेमतेम २१ गॅलन अ‍ॅवगॅस. तासाला नऊ गॅलन धरले तर सव्वादोन तास, त्यातून दिवसाच्या व्हीएफआरचा (बाहेर बघत, नजरेच्या भरवशावर उडण्याचा) अर्ध्या तासाचा राखीव साठा वजा. फिनिक्सच्या डीअर व्हॅली विमानतळापासून ग्रँड कॅन्यन साधारण १३६ नॉटिकल मैल, सव्वा ते दीड तास. कागदावर बसतं. नियमातही बसतं.

पण उंची आणि ऊन धरलं की बसत नाही. गेले कित्येक दिवस माझं डोकं यातच आहे.

ग्रँड कॅन्यन विमानतळ ६,६०९ फुटांवर आहे. त्या उंचीचं स्टँडर्ड तापमान दोन अंशाच्याही आत. जूनच्या दुपारी ३० अंश धरा, फरक २८ अंशांचा, प्रत्येक अंशाला १२० फूट: डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची, थेट १०,००० फूट. १७२एस समुद्रसपाटीला भरल्या वजनानं मिनिटाला ७३० फूट चढतं, तिथे ते तीनशेच्या आतबाहेर येणार. आणि आपल्याला नुसतं उडायचं नाहीये, कॅन्यन ओलांडायचंय. कॅन्यनवरच्या विशेष हद्दीत आपल्यासारख्यांना ठरलेल्या कॉरिडॉरमधूनच जाता येतं, उत्तरेकडे ११,५०० किंवा १३,५०० फुटांवर, दक्षिणेकडे १०,५०० किंवा १२,५०० वर. तापलेल्या दुपारी ११,५०० फुटांवरही तापमान १५ अंश असू शकतं. मग तिथली डेन्सिटी अल्टिट्यूड होते १४,००० च्या वर. आणि या विमानाचं सर्व्हिस सीलिंगच, म्हणजे ज्याच्या वर ते जेमतेमच चढतं ती उंची, १४,००० फूट. म्हणजे चार माणसं घेऊन जूनच्या दुपारी ते त्या कॉरिडॉरच्या उंचीवर पोचेल याचा भरवसा नाही.

आपण नागपूरकर उन्हाला सरावलेले, म्हणून हे आपल्याला लवकर कळायला हवं. आपल्या सोनेगाव विमानतळाची उंची १,०३३ फूट. पारा ४५ वर गेला की डेन्सिटी अल्टिट्यूड ४,९०० च्या आसपास जाते, आणि मे महिन्यात क्यूएनएच (समुद्रसपाटीचा हवेचा दाब) उतरलेला असतो तो वेगळाच. अ‍ॅरिझोनातल्याच सेडोनाचा विमानतळ ४,८३० फुटांवर आहे. म्हणजे मे महिन्यात आपण रोज सेडोनाच्या हवेत उडतो. फक्त आपल्याकडे ३,२०० मीटरची धावपट्टी आहे, त्यामुळे लांबलेला टेकऑफ रोल जाणवत नाही. सेडोनाला ५,१३२ फूट, म्हणजे १,५६४ मीटर, आणि तीही टेकाडाच्या सपाट माथ्यावर, दोन्ही टोकांना खाली उतार.

पहिला उपाय सगळ्यांनी सुचवला तोच: मोठं सेसना १८२ घ्या. २३० अश्वशक्ती, कमाल वजन ३,१०० पौंड. विमान उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण २०० अश्वशक्तीच्या वर गेलं की हाय परफॉर्मन्सचं एंडॉर्समेंट, म्हणजे इन्स्ट्रक्टरची लॉगबुकातली मान्यता, लागतं. नवा देश, हवेचा दाब इंचांत लावायचा ते ऑल्टिमीटर (उंचीमापक), ओळख नसलेलं रेडिओचं बोलणं, त्यात कॉन्स्टंट स्पीड प्रॉपेलर (पात्यांचा कोन बदलणारा पंखा) पहिल्यांदाच हातात घ्यायचा, हे सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात मला नको. दरही बराच जास्त आहे. तरी ज्यांनी हे एंडॉर्समेंट घेतलंय त्यांनी किती वेळ लागला ते जरूर सांगा. हे दार मी पूर्ण बंद केलेलं नाही.

दुसरा उपाय भाऊजींनी काढला. फिनिक्स ते साउथ रिम, म्हणजे कॅन्यनचा दक्षिण काठ, गाडीनं साडेतीन तासांचा रस्ता आहे. दोघं विमानात, दोघं भाड्याच्या गाडीत सगळं सामान घेऊन, आणि पुढच्या टप्प्याला अदलाबदल. आकडे मांडले: रिकामं विमान, मी, भाऊजी, दहा किलोची एक पिशवी आणि ४० गॅलन. एकूण २,३६१ पौंड. कमाल वजनापेक्षा १८९ पौंड कमी! हा आकडा बघून मी रात्री ताईला फोन केला. प्रत्येकाला पुढची सीट आणि खिडकी मिळते, ते तर वरचं सुख.

हे लिहिता लिहिताच तिसरा विचार आला, आणि खरं तर तोच सगळ्यात मोठा आहे. जूनच का? दिवाळीत का नको? यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. तेव्हा ग्रँड कॅन्यनला दुपारी दहा अंश धरले तर डेन्सिटी अल्टिट्यूड ७,६०० च्या आसपास येते. विमान तेच, पण जवळजवळ २,४०० फूट फुकटात मिळाले. जोडीला भाऊजींचा उपाय धरला तर विमानात भार दोनच माणसांचा. ११,५०० फूट आता आवाक्यात आहेत. दिवस लहान असेल, साडेपाचच्या आसपास सूर्यास्त, म्हणून सगळे टप्पे सकाळचेच ठेवणार. घरी विचारलं. फराळ फिनिक्सला घेऊन जायचा या अटीवर बायको तयार आहे. त्याचं वजन मांडायचं राहिलंय.

पण दिवाळी म्हटलं की ते पत्र आडवं येतं. व्हेरिफिकेशनच्या पत्राची मुदत सहा महिने. एप्रिलचं पत्र ऑक्टोबरातच संपणार. म्हणजे व्हेरिफिकेशनचा ८०६०-७१ हा अर्ज पुन्हा भरायचा. एफएए ४५ ते ९० दिवस धरायला सांगते, तेव्हा जुलैत अर्ज टाकला तर पत्र ऑक्टोबरपर्यंत हातात यावं. मेडिकलची तारीख नोव्हेंबरच्या पुढे आहे ना, हेही त्याच वेळी बघून घेणार.

तोवर नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते तापलेले नऊ दिवस, वाया घालवायचा नाही. आपल्या फ्लाइंग क्लबातल्या इन्स्ट्रक्टर सरांशी बोललो. सोनेगावच्या धावपट्टीवर सुरुवातीपासून १,५६४ मीटरची खूण नकाशावर पक्की करून घ्यायची आणि ती संपली की धावपट्टी संपली असं धरून टेकऑफ करायचे. निम्म्या अंतरात उड्डाणाच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नाही तर थ्रॉटल मागे, चर्चा नाही. शिवाय ३,००० फुटांच्या वर टेकऑफआधी फुल थ्रॉटलला इंधन-हवेचं मिश्रण पातळ करून कमाल आरपीएम काढायची सवय आपल्याकडे कुणाला फारशी नसते. तीही आत्तापासून हाताला लावायची आहे.

साधनांचं थोडक्यात: डेव्हिड क्लार्कचा जुना हेडसेटच नेणार, तो दणकट आहे. नकाशे टॅबलेटवर असतीलच, पण टॅबलेट उन्हात तापला की बंद पडतो, म्हणून ग्रँड कॅन्यनचा कागदी व्हीएफआर चार्ट हवाच. मावसभाऊ तो आधीच मागवून ठेवणार आहे.

स्कूलला नोव्हेंबरच्या तारखांबद्दल आज रात्री मेल टाकतोय. त्यात एसी नसलेलं १७२एस आहे का तेही विचारणार. दहा अंशांत एसीचं वजन कशाला वाहायचं?