तुम्ही विचारलंत म्हणून: डिटेक्टर उगाचच वाजतो, त्याची सेन्सिटिव्हिटी किती कमी करावी?

मसाले, पापड, लोणची, फरसाण अशा पदार्थांच्या कारखान्यांतील मेटल डिटेक्टरांच्या देखभालीचे काम मी बरीच वर्षे करीत आहे आणि या काळात मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे: ‘मशीन चांगला माल उगाचच बाहेर फेकते आहे, सेन्सिटिव्हिटी किती खाली आणू?’ विचारणाऱ्याची अडचण खरी असते. लाइन थांबलेली असते, माल न्यायला आलेला टेम्पो दारात उभा असतो आणि पॅनेलवरचा एक आकडा बदलला की सगळे शांत होणार, हे त्याला समोर दिसत असते. तरीही माझे उत्तर असे, की कारण सापडेपर्यंत त्या आकड्याला हात लावू नका; तो खाली आणल्याने बिघाड जात नाही, फक्त डिटेक्टरला दिसू शकणारा धातूचा सर्वांत लहान कण मोठा होतो आणि त्याहून लहान कण मुकाट्याने पाकिटात जातो.

हे पटण्यासाठी यंत्राच्या आत काय चालते ते थोडे समजून घ्यावे लागते. बेल्ट ज्या चौकटीतून जातो तिच्यात तीन कॉइल असतात. मधली कॉइल उच्च वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. तिच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर असलेल्या दोन कॉइल एकमेकींच्या विरुद्ध जोडलेल्या असल्यामुळे त्यांच्यातील व्होल्टेज एकमेकांना रद्द करतात. दोन्ही पारडी समतोल असलेल्या सोनाराच्या तराजूसारखी ही रचना आहे. धातूचा कण आत शिरला की आधी एक पारडे हलते आणि मग दुसरे. पण इतका नाजूक तराजू कणाने हलतो तसाच धक्क्याने, शेजारच्या मोटरने आणि सैल बोल्टनेही हलतो, म्हणूनच बहुतेक वेळा दोष चौकटीच्या बाहेर सापडतो.

या तत्त्वाच्या अगदी सुरुवातीच्या वापरातही हेच घडले होते. 2 जुलै 1881 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळ्या झाडल्या गेल्या आणि शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी समतोल कॉइलचे एक उपकरण तयार केले. प्रयोगांत चाललेले ते उपकरण रुग्णाच्या अंगावर मात्र नीट उत्तर देईना, आणि रुग्णाच्या गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी आहे, हे बेल यांना नंतर कळले. शिवाय डॉक्टरांनी शोध उजव्या बाजूलाच घेऊ दिला होता. 19 सप्टेंबरला गारफील्ड यांचे निधन झाल्यावर केलेल्या तपासणीत गोळी डाव्या बाजूला निघाली. नव्या मुलांना काम शिकवताना मी ही हकिकत आवर्जून सांगतो.

म्हणून तपासणीचा क्रम बाहेरून आत असावा. प्रथम माल काढून घ्या आणि बेल्ट थांबवा. बेल्ट थांबलेला असतानाही पॅनेलवरची सिग्नलची पट्टी नाचत असेल, तर कारण विजेचे किंवा कंपनाचे आहे. जवळ नव्याने बसवलेला व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारे उपकरण), एकाच नळीतून नेलेल्या मोटरच्या आणि डिटेक्टरच्या केबल, ढिली झालेली अर्थिंगची तार, चौकटीला टेकून उभी केलेली लोखंडी शिडी, ही नेहमीची कारणे आहेत. आजूबाजूची यंत्रे एकेक करून बंद करीत गेल्यास त्रास देणारे यंत्र लवकर सापडते.

पट्टी शांत राहिली तर बेल्ट रिकामाच चालवा आणि हातात घड्याळ घ्या. समजा बेल्टची पूर्ण लांबी 6 मीटर आहे आणि वेग मिनिटाला 20 मीटर आहे. मग एक फेरा 18 सेकंदांचा झाला. सिग्नल नेमका दर 18 सेकंदांनी येत असेल, तर बेल्टमध्येच काहीतरी रुतले आहे, बहुधा वेल्डिंगचा किंवा ग्राइंडिंगचा कण, अथवा बेल्टच्या जोडात दोष आहे. जोडाच्या जागेला खडूची खूण केली की या दोहोंपैकी काय ते कळते.

सिग्नल येतो पण त्याला कोणतीही लय नाही, हा प्रकार सर्वांत चिवट असतो, आणि येथे मी कन्व्हेयरच्या सांगाड्यावर सर्वांत अधिक वेळ घालवतो. सांगाड्याचे दोन भाग एखाद्या सैल बोल्टमुळे कधी एकमेकांना टेकतात, कधी सुटतात. टेकले की धातूचे एक बंद वेटोळे तयार होते, त्यात प्रवाह फिरतो आणि तराजू हलतो. हा सांधा चौकटीपासून दोन मीटर लांब असला तरी त्रास देतो. म्हणून रोलरची एक बाजू इन्सुलेट केलेली असते, आणि बेअरिंग बदलताना त्यासाठी बसवलेले प्लास्टिकचे बुश ‘नको असलेले’ समजून काढून टाकल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. सगळे बोल्ट घट्ट करा, गार्ड नीट बसले आहेत का ते पाहा आणि मग सांगाड्यावर रबरी हातोडीने हलके ठोके देत पट्टीकडे लक्ष ठेवा.

हे सर्व निर्दोष निघाल्यावरच मालाकडे वळावे. मीठ आणि पाणी एकत्र आले की पदार्थ वीज वाहून नेतो आणि डिटेक्टरला तो धातूसारखा भासतो. लोणचे आणि पापडाचे पीठ यांत हे ठळकपणे दिसते, तर कोरड्या धणेपुडीत जवळजवळ नाही. लोह मिसळलेल्या पोषणयुक्त पिठाचा सिग्नल वेगळाच असतो. गरम असताना शिकवलेले सेटिंग थंड मालाला चालत नाही. अशा वेळी यंत्राला तो माल नव्याने शिकवायचा असतो, म्हणजे मालाचा स्वतःचा सिग्नल यंत्राने सोडून द्यावा यासाठी फेज नावाचे सेटिंग पुन्हा जुळवायचे असते, आणि नंतर लोखंड, पितळ व स्टेनलेस स्टील या तिन्ही कणांच्या चाचणीच्या पट्ट्या चौकटीच्या मध्यातून पाठवायच्या असतात. मध्यातून अशासाठी, की तेथे डिटेक्टरची नजर सर्वांत क्षीण असते. कडेने पाठवलेली पट्टी सहज पकडली जाते आणि खोटा दिलासा देते.

एक शक्यता मात्र या सगळ्या आधी मनात असावी: डिटेक्टर खरेच बोलत असेल. मिरची पूड करणाऱ्या एका कारखान्यातून मला बोलावणे आले, तेव्हा तक्रार हीच होती आणि पुरावाही दाखवण्यात आला: बाहेर फेकलेली पाकिटे पुन्हा बेल्टवर ठेवली की त्यांतील निम्मी न वाजता पार होत होती. त्यावरून मशीन खोटे बोलते, असा निष्कर्ष सर्वांनी काढला होता. मी ती पाकिटे वेगळी ठेवायला सांगितली, एक फोडून पांढऱ्या कागदावर बारीक चाळणीने चाळले आणि चाळणीत केसाइतक्या जाडीचा तारेचा तुकडा राहिला. पल्व्हरायझरची, म्हणजे दळणाऱ्या यंत्राची, स्टेनलेसची जाळी एका कोपऱ्यात फाटली होती. बारीक तारेचा सिग्नल तिच्या दिशेवर अवलंबून असतो. स्टेनलेसची तार बेल्टच्या दिशेत सरळ पडली तर क्षीण, आडवी पडली तर स्पष्ट. पाकीट दुसऱ्यांदा ठेवताना फिरले की तार निसटत होती. बाहेर पडलेले पाकीट पुन्हा पार झाले म्हणून ते चांगले ठरत नाही, हे मी त्या दिवशी तेथील पाळीच्या प्रत्येक माणसाला कागदावर आकृती काढून समजावले.

जाळी तासाभरात बदलली गेली. पण आदल्या रात्री कोणीतरी सेन्सिटिव्हिटी खाली आणली होती आणि तेव्हापासून भरलेला सगळा माल गोदामात पोहोचला होता. मालकांनी काही न बोलता तो परत आणवला, आम्ही मूळ आकडा लावला, तिन्ही पट्ट्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येक पाकीट दोनदा, एकदा उभे व एकदा आडवे, बेल्टवरून पाठवले. पहाटेपर्यंत त्यातून आणखी दोन पाकिटे बाहेर पडली.