पिकअपच्या हौद्यावरचे घर : स्वतःचे की भाड्याचे?

पिकअपच्या हौद्यात बसवता येणारी राहण्याची पेटी, म्हणजेच ट्रक कॅम्पर, अमेरिकेत अनेक दशकांपासून वापरात आहे. आत झोपायची जागा, शेगडी आणि पाण्याची टाकी असते. प्रवास संपला की चार कोपऱ्यांच्या चार जॅकवर पेटी उभी करायची, खालून पिकअप बाहेर काढायची आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी कामाला लावायची. लातूर, परभणी, जालना अशा गावांत दुकानदाराच्या किंवा शेतकऱ्याच्या दारात पिकअप बहुधा असतेच. म्हणून पेटी विकत घ्यावी की राहण्याची गाडी भाड्याने आणावी, या प्रश्नाचे उत्तर मला या उतरवण्या-चढवण्याच्या सोयीतच दिसते.

भाड्याची अडचण अंतराची आहे. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले खरे, पण अशा गाड्या देणारे व्यावसायिक प्रामुख्याने मुंबई, पुणे, बंगळुरू याच बाजूला आहेत. पुण्याहून लातूरला गाडी मागवली तर जाऊन-येऊन साडेसहाशेच्या आसपास किलोमीटरचा रिकामा फेरा आपल्याच माथी बसतो, आणि औंढा नागनाथ, माहूर अशा चार दिवसांच्या फेरीसाठी तो कोणत्याही हिशेबात बसत नाही. महिनाभर हिमाचलात फिरायचे असेल तर हा फेरा किरकोळ वाटू लागतो, परंतु तेव्हा रोजचे भाडे अंगावर येते. शिवाय दिवाळीत आणि नाताळात भाव चढतो, आणि शाळांच्या सुट्ट्याही नेमक्या तेव्हाच असतात.

आता मालकीचा हिशेब. समजा, पेटी 6 लाखांना पडली आणि ती 10 वर्षे टिकली, तर वर्षाला 60,000 झिजेचे आणि 7 टक्क्यांनी 42,000 व्याजाचे, म्हणजे एक लाखाच्या थोडे वर जातात. भाडे दिवसाला 8,000 धरले तर एवढ्या पैशात जेमतेम तेरा दिवस निघतात. वर्षातले तीन आठवडे खरोखर बाहेर काढणाऱ्याने पेटी घ्यावी. मात्र त्यासाठी वेगळी पिकअप घ्यावी लागणार असेल तर तिची किंमत, विमा आणि देखभाल मिळवताच हे गणित पार कोलमडते. आमचे दाजी यावर एकच वाक्य बोलले, “एवढ्या पैशात हाटेलात किती रात्री निघतील, ते काढलं का कधी?” हा प्रश्न रास्त आहे, पण हॉटेल आहे तिथेच मुक्काम करणाऱ्याला कॅम्पर मुळात लागतच नाही.

आपल्याकडे ट्रॅक्टर विकत घेतात आणि पंजाबातून आलेले हार्वेस्टर भाड्याने लावतात, कारण एकाला वर्षभर काम असते आणि दुसऱ्याला हंगामापुरते. कॅम्परच्या बाबतीत पिकअप ही ट्रॅक्टरच्या जागी आहे. ती सोयाबीनच्या काढणीत, मोंढ्यावरच्या फेऱ्यांत स्वतःचा खर्च काढते, त्यामुळे वर्षभर पडून राहण्याचा दोष एकट्या पेटीवर उरतो.

खरेदीआधी वजनकाट्यावर जायला मात्र विसरू नये. कुटुंब न्यायचे तर दुहेरी केबिनची गाडी हवी, आणि आपल्या भागात सगळीकडे दिसणाऱ्या ‘बोलेरो कॅम्पर’ नावाच्या दुहेरी केबिनच्या पिकअपची (नावापुरतीच कॅम्पर) वहनक्षमता साधारण एक टन असते, शिवाय हौदाही आखूड. त्यात 600 किलोची पेटी, 100 लिटर पाण्याचे 100 किलो, बॅटरी, सिलिंडर आणि अंथरूण-पांघरूण मिळवा. मोंढ्याजवळच्या काट्यावर आधी फक्त पुढची चाके, मग फक्त मागची चाके चढवून वजन घेतले की भार कुठे पडतो ते कळते. पेटीचा गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या पुढे यायला हवा, नाहीतर पुढची चाके हलकी पडून स्टिअरिंगवरचा ताबा सुटू लागतो. पाटे वाढवले की गाडी खाली बसत नाही, परंतु पासिंगच्या कागदावरची क्षमता तेवढीच राहते.

कायदाही पाहावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही, त्यामुळे पेटी कायमची जोडण्याआधी आरटीओत विचारणे बरे. धावत्या मालवाहू गाडीच्या हौद्यात बसलेल्या प्रवाशाच्या बाबतीत तर विमा कंपनी हात वर करते, म्हणून सर्वांनी केबिनमध्येच बसावे, मुलांनी कितीही हट्ट केला तरी.

मालकीचा त्रास मुक्कामापेक्षा शेडमध्ये जास्त होतो. मे महिन्यातल्या उन्हात सांध्यांचे सीलंट तडकते, त्या फटीतून जूनचे पाणी शिरून प्लाय फुगतो आणि गादीत उंदीर घर करतात. बॅटरी महिनोन् महिने चार्ज न करता ठेवली तर ती जाते. पाण्याच्या काटकसरीची मात्र आम्हाला चिंता नाही; 2016 साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी वापरलेल्या लातूरकराला 100 लिटरची टाकी पुरवणे कुणी शिकवायला नको. पावसाळ्यात काळ्या रानात उतरण्याचा मोह तेवढा टाळावा, कारण एवढ्या वजनाची गाडी रुतली की ट्रॅक्टर बोलावल्याशिवाय निघत नाही.

माझा कौल भागीदारीतल्या पेटीला आहे. दाजींकडेही पिकअप आहे, आणि त्यांचा हिशेबी स्वभाव पाहता ते निम्म्या खर्चाला तयार होतील असे दिसते. अट एकच: दोन्ही हौद्यांची आतली लांबी, चाकांवरच्या उंचवट्यांमधले अंतर आणि फाळक्याची उंची जुळली पाहिजे. ती मापे घेतल्याशिवाय बॉडी बिल्डरला विसार द्यायचा नाही, असे ठरले आहे.