पुरवणीवाचनाची दुपार

नागपुरातल्या धरमपेठेतील एका शाळेच्या सभागृहात आमच्या विज्ञान मंडळाचे वार्षिक संमेलन दर जानेवारीत भरत असे. उद्घाटन, हारतुरे आणि अहवालवाचन यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. मागच्याच वर्षीचा अहवाल तारीख बदलून वाचला जातो, अशी आम्हा तरुण सभासदांना दाट शंका होती. मंडळी येत ती तर्री-पोह्यांनंतरच्या पुरवणीवाचनासाठी.

संगणकीय मेंदूविज्ञानाची, म्हणजे मेंदूचे काम गणित आणि संगणकाच्या आधारे समजून घेणाऱ्या शास्त्राची, ‘ऑर्गनायझेशन फॉर कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्सेस’ ही आंतरराष्ट्रीय संस्था दरवर्षी परिषद भरवते. २००७ च्या टोरांटो परिषदेत मांडलेल्या संशोधनाचे सारांश ‘बीएमसी न्यूरोसायन्स’ या नियतकालिकाच्या पुरवणीत विनाशुल्क उपलब्ध झाले, पुढेही ती प्रथा चालू राहिली, आणि परदेशवारी न परवडणाऱ्या आमच्यासारख्यांना घरबसल्या परिषद वाचता येऊ लागली. दिवाळीनंतर प्रत्येकाने एक सारांश निवडून तो संमेलनात मराठीत मांडावा, असा शिरस्ता पडला. अध्यक्षबाईंची अट मात्र कडक होती: नुसते वाचून भागणार नाही, त्या विषयाचे एखादे प्रतिमान, म्हणजे समीकरणांत मांडलेले ‘मॉडेल’, संगणकावर चालवून दाखवले पाहिजे. हे जमे ते येल विद्यापीठात सुरू झालेल्या ‘मॉडेलडीबी’ या संग्रहामुळे, कारण संशोधक आपल्या प्रसिद्ध झालेल्या प्रतिमानांचे मूळ प्रोग्राम तेथे ठेवतात. संस्थेची परिषद, नियतकालिकाची पुरवणी आणि हा संग्रह यांचा मेळ बसला नसता, तर आमच्या वाट्याला केवळ फळाभर समीकरणे आली असती.

एका वर्षी बी.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने हॉजकिन आणि हक्सले या ब्रिटिश शास्त्रज्ञांचे स्क्विड या समुद्री प्राण्याच्या चेतातंतूचे प्रतिमान चालवले. त्यात तापमान ६.३ अंश सेल्सिअस धरलेले असते. मागून कोणीतरी म्हणाले, “आपल्या मे महिन्याचं टाकून बघ!” तिने आकडा वाढवत नेला, तशी पडद्यावरची विद्युतस्पंदाची (चेतातंतूतून जाणाऱ्या विजेच्या क्षणिक लाटेची) रेघ अरुंद आणि बुटकी होत गेली, चाळिशी ओलांडल्यावर तर नुसता उंचवटा उरला. उष्णतेने चेतातंतूच्या आवरणातले सोडियमचे दरवाजे मिटण्याची आणि पोटॅशियमचे उघडण्याची क्रिया इतकी वेगवान होते की विद्युतदाबाला चढायला अवधीच मिळत नाही, हे तिने सांगितले तेव्हा सभागृहातला हशा थांबला होता. हक्सले यांनी ही आकडेमोड हाताने फिरवायच्या ब्रुन्सविगा गणकयंत्रावर केली, कारण केंब्रिजचा संगणक तेव्हा फेरबदलांसाठी बंद होता. फिजिऑलॉजिकल सोसायटीच्या ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’ने १९५२ मध्ये त्यांची समीकरणे स्थिरांकांसह छापली, म्हणूनच नागपुरात ती पुन्हा जशीच्या तशी मांडता आली.

पुढच्या वर्षी सारांशनिवड त्या मुलीकडे आली. ज्या कामाच्या जवळपासचाही प्रोग्राम कोठे मिळत नाही, असे सारांश तिने सरसकट वगळले. ज्येष्ठांमध्ये बरीच कुरबुर झाली, पण अध्यक्षबाईंनी तिचीच यादी कायम केली.