आततायी

‘असा आततायीपणा करू नकोस’ हे वाक्य बहुधा राजीनामा लिहून तयार असलेल्या माणसाला ऐकावं लागतं. त्याच्या हातात फार तर फोन असतो. मूळ शब्दातल्या माणसाच्या हातात मात्र धनुष्य आहे, तेही ओढलेलं. ‘आतत’ म्हणजे ताणलेलं. त्यातला ‘तन्’ धातू आपल्या ‘ताण’मध्ये आणि ‘तंतू’मध्येही सापडतो. असं धनुष्य घेऊन चालून येणारा तो आततायी. शुक्ल यजुर्वेदाच्या १६व्या अध्यायात हे विशेषण चक्क रुद्राला लावलंय, आणि तेही नमस्कारासकट.

पुढे स्मृतिकारांनी धनुष्य बाजूला ठेवून यादी केली: आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारणारा, धन, जमीन किंवा बायको पळवणारा. एकूण सहा. विष घालणारा काय ताणतो, असं विचारायची सोय नाही. यादी लागणारच होती, कारण चालून येणारा आततायी गुरू असला तरी त्याला बेलाशक मारावं, असं मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन कौरवांना आततायी म्हणतो तो याच हिशेबाने. लाक्षागृह, भीमाला घातलेलं विष, द्यूत, राज्य, द्रौपदी. यादीतलं काही सुटलेलं नाही. आजच्या मराठीने मोजलं, तर आततायी भीमच ठरेल.

कारण मराठीने हल्ला सोडून दिला आणि उतावीळ तेवढी ठेवली. आता निर्णय आततायी असतो, स्वभाव असतो. आणि निराश माणसाला ‘काही आततायीपणा करू नकोस’ म्हणतात तेव्हा बाण त्याच्याच दिशेने असतो. लिहिताना ‘अततायी’, ‘आतताई’ होतं, ते बहुधा कानाला त्यात ‘अति’ ऐकू येतं म्हणून.

खऱ्या हल्ल्यासाठी ‘हल्लेखोर’ आहे. ‘खोर’ हा फारसी प्रत्यय, म्हणजे खाणारा. लाचखोर खरोखर खातो. भांडखोर, चुगलखोर यांना निदान सवय तरी लागते. हल्लेखोराला एकच हल्ला पुरतो. जखमी माणूस वाचला तर हल्लेखोरच लिहावं. ‘मारेकरी’ जिवावर उठलेला, आणि ‘मारेकरी घातले’ म्हटलं की त्यांना धाडणारा कुणीतरी मागे उभा असतो.

हिंदीतून भाषांतर करताना मात्र जपावं. तिथला ‘आततायी राजा’ उतावळा नसतो, तो सावकाश, विचारपूर्वक छळणाराही असू शकतो.